वास नसलेली प्लेट

अठ्ठावीस वर्षं मी जंतूंचा वास घेत आले. हे ऐकून लोक तोंड वाकडं करतात, पण त्यात विचित्र काही नाही. दूध नासलंय का हे आपण नाकानंच ओळखतो, तसंच हे. प्लास्टिकच्या चपट्या डबीत रक्त घातलेल्या जेलीचा थर असतो, त्यावर पेशंटच्या नमुन्यातले जंतू वाढवायचे. या डबीला आम्ही प्लेट म्हणतो. सकाळी झाकण उचललं की एखादीतून द्राक्षांचा वास येतो, तो स्युडोमोनास. एखादीतून नासक्या मासळीचा, तो प्रोटिअस. चाचण्या नंतर, नाक आधी. आमच्या इंदिरानगरच्या लॅबचे डॉक्टर बोरस्ते, एवढे शिकलेले पॅथॉलॉजिस्ट, तेसुद्धा अडलं की म्हणायचे, "साधनाताई, जरा नाक द्या." मला त्याचा ताठा होता. खोटं कशाला बोलू.

प्लेटचा वास घेऊ नये असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण मला शिकवणाऱ्या बाई वास घ्यायच्या, त्यांना शिकवणारेही घ्यायचे, आणि कुणाला काही झालं नव्हतं. 'आजवर कुणाला काही झालं नाही' हे वाक्य आपल्याकडे कायद्याच्याही वर चालतं. माझ्या हाताखाली जी जी मुलगी आली तिला मी वास घ्यायला शिकवलं. हर्षालीलाही.

हर्षाली दोन वर्षांपूर्वी आली. पिंपळगाव बसवंतहून रोज बसनं येणार, रोज बसनं जाणार. नवरा योगेश तिथल्याच एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. मुलगी हुशार, हात स्वच्छ, बोलणं बेताचं. मला ती आवडायची, म्हणूनच मी तिला जास्त रागवायचे. आमच्या पिढीला माया करायची दुसरी रीत शिकवलीच नाही कुणी. गेल्या महिनाभरात मात्र तिचं काहीतरी बिनसलं होतं. मास्क दिवसभर नाकावर घट्ट, प्लेट धरायची ती हातभर लांब. मी तिला टोमणे मारत होते, की लग्नाला चार वर्षं झाली तरी तुझा नव्या नवरीचा बुजरेपणा जाईना.

त्याच सुमारास नांदगावहून एक रक्ताचा नमुना आला. पेशंटचं नाव फकिरा, वय पंचेचाळीस. सोबतच्या फॉर्मवर डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला होता, 'ताप'. किती दिवसांचा ताप, कसला ताप, माणूस काम काय करतो, सगळे रकाने कोरे. डॉक्टर मंडळी फॉर्मवर इतकं कमी लिहितात, जणू शाईवर कर लागतो. मी नेहमीप्रमाणे बडबडले आणि नेहमीप्रमाणेच फोन करून विचारलं नाही. टायफॉइड असणार असं धरून कामाला लागलो.

रक्ताची बाटली मशीनमध्ये चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी मशीन वाजलं. काचेवर थेंब पसरून पाहिला तर अगदी बारीक जंतू, रांगोळी सांडल्यासारखे. प्लेटवर घातले, ते दोन दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढे उगवले. तो सोमवार होता. मी झाकण उचलून नाकाशी नेलं, काहीच वास नाही. सर्दी झालीय का म्हणून परत घेतला, तरी नाही. मग प्लेट हर्षालीकडे दिली. तिनं नेहमीसारखी लांबूनच पाहिली. मी म्हटलं, "जवळ घे गं. नाक काय भाड्यानं आणलंयस?" वापरलेल्या प्लेट्स जंतू मारायला वाफवण्याचं काम करणारा झुंबर तिथंच होता, तो हसला. हर्षालीनं मास्क खाली ओढला, डोळे मिटले आणि प्लेट नाकाशी नेऊन श्वास घेतला.

"काहीच येत नाही, मॅडम."

"परत घे."

तिनं परत घेतला. म्हणजे एकूण दोनदा. हे दोन श्वास नंतर मी इतक्या वेळा मोजले, की आता आकडा चुकायची शक्यता नाही.

त्यानंतर ओळख पटवायच्या चाचण्या लावल्या. त्यातली एक युरिएजची. बोटाएवढी नळी असते, तिच्यात तिरपी गोठवलेली पिवळट जेली, आणि जेलीत युरिया. काही जंतू हा युरिया फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि पिवळी जेली गुलाबी होते. बरेचसे जंतू ती गुलाबी करतच नाहीत. टायफॉइडचा तर मुळीच करत नाही. जे करतात, त्यांतल्याही बऱ्याच जणांना दुसरी सकाळ उजाडते. मी प्लेटवरचे जंतू उचलून नळीतल्या उतारावर भरपूर चोपडले, नळी उबेच्या कपाटात ठेवली आणि चहाला गेले.

चहा पिऊन आले, दुसऱ्या नळ्या ठेवायला कपाट उघडलं, तर फकिराची नळी वरून गुलाबी झालेली. पंधरा मिनिटं झाली असतील, फार तर वीस. आधी मला आनंद झाला, हे सांगायची लाज वाटते पण झाला. अशी झटपट युरिएज पाहायला मिळत नाही. मग वाटलं प्रोटिअस असेल, तो असाच घाईचा. पण प्रोटिअस प्लेटभर लाटेसारखा पसरतो आणि त्याची घाण दारापर्यंत येते. याला वास नव्हता. हा हळू वाढणारा, बारीक, टाचणीच्या टोकाएवढा. या खुणा मी एकापुढे एक मांडत गेले आणि उत्तर एकच निघालं. हा ब्रुसेला होता.

ब्रुसेला हा शेळ्या-गायींचा जंतू. कच्च्या दुधातून, जनावरांच्या बाळंतपणात माणसाला लागतो, आणि मग ताप महिनोन् महिने येत-जात राहतो. लॅबमध्ये तो लागतो श्वासातून. उघड्या टेबलावर त्याची प्लेट खोलायची नाही, बंद काचेच्या कपाटातच हाताळायची, आणि वास तर चुकूनही घ्यायचा नाही. पुस्तकातलं ते वाक्य याच्याचसाठी होतं. आमचं काचेचं कपाट मागच्या खोलीत होतं, ते फक्त टीबीच्या नमुन्यांसाठी उघडायचो. मी नळी हातात धरून उभी राहिले. हातातला गुलाबी रंग उताराच्या खालपर्यंत पोचत होता आणि मला तो थांबवता येत नव्हता.

डॉक्टर बोरस्त्यांना बोलावलं. त्यांनी नळी पाहिली, प्लेट पाहिली, कुणी उघडली विचारलं. मी सगळं सांगितलं, वासासकट. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त प्लेटला टेप गुंडाळायला सांगितली आणि फकिराच्या घरी फोन लावून माझ्याकडे दिला. फोन त्याच्या बायकोनं, सखुबाईनं घेतला. मी विचारलं, घरी जनावरं आहेत का.

"शेळ्या हायेत की. अठरा व्हत्या. औंदा तीन गाभडल्या, पार पाचव्या महिन्याला आलेल्या. ह्यांनीच हातानं सोडवल्या, डाक्टर कुठला येतोय."

दूध कसं पिता विचारलं, तर म्हणाली, धारोष्ण. तापवलं की त्यातली ताकद जाते. हे सगळं फॉर्मवर लिहायला एक ओळ पुरली असती, आणि मला विचारायला एक फोन. स्पीकर चालू होता. हर्षाली माझ्या मागच्या स्टुलावर बसलेली होती. तिचा चेहरा मी पाहिला नाही. गाभडल्या, म्हणजे गाभ पडला, हा शब्द तिनंही ऐकला, एवढंच मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी कागदावर तीन नावं लिहिली. मी, हर्षाली, झुंबर. तिघांनी एकवीस दिवस दोन गोळ्या घ्यायच्या, डॉक्सी आणि रिफाम्पिसिन. आज रक्त द्यायचं, मग दर सहा आठवड्यांनी, सहा महिने. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. झुंबरनं विचारलं, गोळ्यांवर अंडी चालतात का. त्याला हो म्हणून सांगितलं. मग हर्षाली म्हणाली, "सर, यातली डॉक्सी सगळ्यांना चालते का?"

मी म्हटलं, पित्त होतं थोडं, पोटभर जेवून घे. डॉक्टर मात्र कागदावरून मान वर करून तिच्याकडे बघत राहिले. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "नववा आठवडा चालू आहे."

तीन महिने भरेपर्यंत सांगायचं नसतं. आपल्याकडे कुणीच सांगत नाही. मीही माझ्या वेळी सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. नजर लागते, म्हणतात. हर्षालीच्या सासूनं, कुसाबाईनं, तिला देवापुढे शपथ घालून ठेवली होती, की ऑफिसात चकार शब्द काढायचा नाही. चार वर्षांनी राहिलेलं. म्हणून ती नाकावर मास्क चढवून बसत होती. कसलाही वास आला की तिला उमासे यायचे, म्हणून प्लेट लांब धरत होती. आणि मी, जिला वासानं जंतू ओळखता येतात, तिला महिनाभर शेजारी बसणाऱ्या बाईला गेलेले दिवस ओळखता आले नाहीत.

"मला तरी सांगायचं," एवढंच मी बोलले. बोलले आणि लाज वाटली. मी कोण तिची, की तिनं मला सांगावं? तिला टोमणे मारणारी बाई.

डॉक्सी तिला चालणार नव्हती. तिच्या डॉक्टरीणबाईंनी एकटी रिफाम्पिसिन दिली, आणि म्हणाल्या, बाकी देवावर. एवढी शिकली-सवरलेली बाई देवावर सोडते तेव्हा माणसानं काय समजायचं? हर्षालीला आम्ही बाहेर रिपोर्टच्या काउंटरवर बसवलं. ती मुकाट्यानं बसली. रोज सकाळी सातला मी फोन करायचे, किती? अठ्ठ्याण्णव. संध्याकाळी, किती? अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. फोन ठेवला की मी माझा ताप मोजायचे, आणि तो नसला की मला राग यायचा. चार श्वासांपैकी दोन माझे होते. आयुष्यात कधी नवस न बोललेली मी गंगापूर रोडला नवश्या गणपतीला गेले आणि म्हटलं, यायचाच असेल तर मला येऊ दे. देवानं ऐकलं की नाही कळायला मार्ग नव्हता, कारण ताप कुणालाच येत नव्हता.

फकिरा तोवर बरा होऊ लागला. योग्य औषध मिळालं की माणूस उठतोच. सखुबाई रिपोर्ट घ्यायला आली ती शेळीच्या दुधाचा डबा घेऊन, माझ्यासाठी. मी तिला दूध उकळून प्यायचं, गाभडलेल्या शेळीला उघड्या हातानं शिवायचं नाही, असं बजावून सांगत बसले. डबा घेतला नाही म्हणून ती रुसली. काउंटरवरून हर्षालीनं तिला रिपोर्ट दिला आणि सुट्टे पैसेही परत केले. त्या बाईला काय ठाऊक, ती कुणाकडून काय घेऊन चाललीय.

तीन महिने भरायला चार दिवस उरले होते. सकाळी सातला मी फोन करायच्या आधीच तिचा आला. "मॅडम, अंगावर जायला लागलंय," म्हणाली. फोन योगेशनं घेतला. पिंपळगावच्याच एका नर्सिंग होममध्ये नेत होते.

दुपारी योगेशनं कळवलं, की राहिलं नाही. मी रडायच्या आधी नर्सिंग होमला फोन लावला. हे वाचून कुणाला मी दगड वाटेन, वाटू दे. मला कळायला हवं होतं. आतून निघालेल्या मांसाच्या तुकड्यातून जंतू वाढवून पाहिला असता, तर तो होता की नव्हता, एवढं तरी उत्तर मिळालं असतं. मी तिथल्या सिस्टरला सांगितलं, तुकडा स्वच्छ बाटलीत सलाइनमध्ये घाला. फॉर्मलिनमध्ये घालू नका, त्यानं मांस टिकतं पण जंतू मरतात. तीनदा सांगितलं. ती तिन्ही वेळा हो हो म्हणाली.

संध्याकाळी योगेश स्वतः बाटली घेऊन आला. बसमध्ये मांडीवर धरून आणली होती, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळून. मी बाटली काचेच्या कपाटात नेली, मास्क लावून झाकण जरासं सैल केलं, आणि मास्क असूनही त्या झोंबऱ्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. फॉर्मलिन. काठोकाठ. सिस्टरला शिव्या घालायला मी फोन उचलला आणि खाली ठेवला. आतून निघालेलं सगळं फॉर्मलिनमध्ये घालायचं, असंच तिला शिकवलेलं होतं, आणि आजवर कुणी तक्रार केली नव्हती. योगेश बाहेर बाकावर बसला होता. त्याला मी सांगितलं, यातून आता काही कळणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे मॅडम, बाटलीचे काही द्यायचे का. मी नाही म्हटलं. त्यानं टॉवेल घडी करून पिशवीत घातला आणि गेला.

हर्षालीचं रक्त आम्ही दोन्ही रीतींनी तपासलं. ब्रुसेलाची खूण नाही. बाटलीत जंतू उगवला नाही. मी डॉक्टर बोरस्त्यांपुढे दोन्ही कागद ठेवले. ते म्हणाले, "यावरून काहीच म्हणता येत नाही, साधनाताई. ती गोळ्या घेत होती. आणि पहिल्या तीन महिन्यांत कितीतरी जणींचं असंच जातं, काही कारण नसताना." मी भांडले त्यांच्याशी. पुण्याला पाठवा, मुंबईला पाठवा म्हटलं. त्यांनी शांतपणे विचारलं, काय पाठवू? आयुष्यभर मी हो किंवा नाही लिहून दिलं होतं, पिवळी किंवा गुलाबी. आणि हे एकच मला हवं होतं, तर त्याला नळीच नव्हती.

आठ दिवसांनी मी पिंपळगावला गेले. मनाशी ठरवून गेले होते, की सगळ्यांसमोर कबूल करायचं. योगेश कामावर गेला होता. हर्षाली खाटेवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. फार बारीक झाली होती. कुसाबाईनं मला पाट दिला नाही, खुर्ची दिली. मी काही बोलायच्या आधी तीच सुरू झाली.

"हिलाच मी सांगितलं व्हतं, तीन महिने तोंड उघडू नको. हापिसात सांगून बसली. चार लोकांच्या तोंडी झालं, मग काय ऱ्हातंय."

मी म्हटलं, "तसं नाही, ताई. मी तिला एका प्लेटचा वास घ्यायला लावला. तिला नको होतं, मी जबरदस्ती केली. त्यात वाईट जंतू होता. तिनं सांगितलं नसतं तर तिच्या पोटात चुकीच्या गोळ्या गेल्या असत्या. तिनं सांगितलं ते बरोबर केलं. चूक माझी आहे."

कुसाबाईनं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. "वासानं कुठं पोटातलं जातं का, बाई? तुमी मनाला लावून नका घेऊ. चहा ठेवते." आणि आत गेली. मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा चूक कबूल केली होती आणि ती कुणी घेतलीच नाही.

मी हर्षालीकडे पाहिलं. तिला तरी सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "आई म्हणतात तसंच असेल, मॅडम."

"तू असं म्हणतेस? तुला कळतं ना सगळं?"

तिनं हातातल्या ब्लाउजची घडी पुरी केली, ढिगावर ठेवली. आतून चहाचं पातेलं ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा ती हळू आवाजात बोलली. "ऑफिसात सांगितलं, ते बाळाला वाचवायला सांगितलं. सांगितल्यामुळे गेलं असं म्हटलं, तर मला झोप लागते. वास मात्र मी तुम्हाला घाबरून घेतला. नाही म्हणता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, की नको मॅडम, मला मळमळतंय. तेवढंही मी म्हटलं नाही."

तुझी चूक नाही, असं मी म्हणाले. ते मलाच पोकळ वाटलं. तिनं मान हलवली, जशी मी पूर्वी तिला समजावून सांगितल्यावर हलवायची, पटलेलं असो वा नसो.

कुसाबाई चहा घेऊन आली. बाहेर रस्त्यावर कांद्याचे टेम्पो खडखडत चालले होते. मी बशीत ओतून पटपट चहा प्यायले, जीभ भाजली. उठताना मी हर्षालीला म्हटलं, सावकाश ये, महिनाभर रजा घे, तुझी काउंटरची जागा आहेच.

"सोमवारपासून येते," ती म्हणाली. "काउंटरवर नको, मॅडम. मला परत प्लेट्सवर बसवा."

"इतक्यात नको गं."

"का?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं. "आता काय अडचण आहे?"

मी हो म्हटलं.